आलेख सरकतो की अक्ष?

य = क्ष² या फलात (फंक्शनमध्ये) क्ष च्या जागी क्ष − ३ लिहिले की आलेख तीन एकके उजवीकडे जातो. वजाचे चिन्ह असताना तो डावीकडे का जात नाही, हा प्रश्न आलेख शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना पडतो, आणि उत्तरादाखल त्यांना ‘कंसातले उलटे चालते’ एवढा नियम पाठ करायला मिळतो. या उलटेपणाचे कारण इतिहासात आहे, कारण आलेख सरकवण्याची ही रीत मुळात आलेखासाठी निर्माण झालेलीच नव्हती. समीकरणातले नको असलेले पद घालवण्याची ती युक्ती होती.

भारतीय बीजगणितात वर्गसमीकरण सोडवण्याच्या रीतीला ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधल्या पदाचे हरण, असे अत्यंत नेमके नाव होते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात ती सविस्तर मांडली. क्ष² − ६क्ष + ५ = ० या समीकरणाला (क्ष − ३)² = ४ असे रूप दिले की मधले पद नाहीसे होते; आज त्याच कृतीतून आपण य = (क्ष − ३)² − ४ या अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) शिरोबिंदू (३, −४) वाचतो, परंतु त्या काळी अक्षही नव्हते आणि अन्वस्ताचे चित्रही समोर नव्हते. इटालियन गणिती कार्दानो यांनी १५४५ मध्ये घनसमीकरणातले वर्गाचे पद अशाच बदलाने काढून टाकले.

चित्र आले ते सतराव्या शतकात. देकार्त यांची भूमिती १६३७ मध्ये छापली गेली, आणि फर्मा यांचे याच विषयावरील टिपण त्याच सुमारास हस्तलिखित स्वरूपात फिरत होते, जरी ते छापून यायला १६७९ उजाडले. फर्मा यांनी अवघड दिसणारी द्विघाती समीकरणे चल बदलून सोप्या रूपात आणली आणि वक्र ओळखले. त्यांच्या दृष्टीने वक्र जागचा हलत नव्हता, फक्त अंतर मोजण्याचा आरंभ बदलत होता. वरच्या कोड्याची उकल इथेच आहे: क्ष − ३ ही नवी राशी म्हणजे जुन्या अक्षावरील ३ या बिंदूपासून मोजलेले अंतर, म्हणून नव्या मोजणीचा आरंभबिंदू उजवीकडे जातो आणि त्या आरंभबिंदूला धरून असलेला अन्वस्तही तिथेच दिसतो.

आलेख दाबण्याची आणि ताणण्याची कथा मला त्याहून विलक्षण वाटते. य = १/क्ष हा अपास्त (हायपरबोला) आडव्या दिशेने दुप्पट ताणला आणि उभ्या दिशेने निम्मा दाबला, तर तो स्वतःवरच येऊन बसतो आणि त्याखालचे क्षेत्रफळही बदलत नाही; म्हणून १ ते २ मधले क्षेत्रफळ आणि २ ते ४ मधले क्षेत्रफळ सारखेच. आजच्या भाषेत असा मांडता येणारा हा गुणधर्म ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ यांनी १६४७ च्या ग्रंथात दाखवला, आणि दोनच वर्षांत सारासा यांनी त्याचा लॉगॅरिदमशी संबंध ओळखला. लॉगॅरिदमच्या आलेखात आडवे दाबणे हेच उभे सरकणे ठरते, त्याचे मूळ या क्षेत्रफळात आहे.

या सर्वांना एकत्र शास्त्रीय रूप दिले ते ऑयलर यांनी. फलासाठी आज रूढ असलेली कंसाची खूण त्यांनी १७३० च्या दशकात वापरली, आणि १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात अक्ष बदलण्याचे नियम मांडले. त्याच खंडात, दोन्ही दिशांना एकाच गुणोत्तराने मोठे केलेले वक्र ‘सरूप’ आणि वेगवेगळ्या गुणोत्तरांनी ताणलेले वक्र ‘संबद्ध’, असा भेद त्यांनी केला. त्यांनी योजलेल्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोयरीक असा होतो, आणि वर्तुळाला एका दिशेने दाबून मिळणाऱ्या विवृत्ताचे (लंबवर्तुळाचे) वर्तुळाशी असलेले नाते त्याने नेमके सांगितले जाते.

तरीही ऑयलर यांच्या अक्षबदलात हलत होते ते अक्षच. वक्र स्वतः चालू लागल्याचे पहिले ठळक उदाहरण त्याच्या एकच वर्ष आधीचे, १७४७ चे, आहे: कंप पावणाऱ्या तारेचा अभ्यास करताना द’अलेंबेर यांनी तिचा आकार दोन फलांच्या बेरजेने मांडला. त्यांपैकी एकात स्थानातून वेग आणि काळ यांचा गुणाकार वजा केलेला असतो आणि दुसऱ्यात तो मिळवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीचा आलेख काळाबरोबर उजवीकडे आणि बेरजेचा डावीकडे सरकत राहतो.