कासदाहाच्या जंतूंची जनुकं (स्टॅफिलोकोकस ऑरियस)

गाईची कास सुजते, सड गरम लागतो, दुधात गुठळ्या येतात, त्या आजाराला आपल्याकडे दगडी किंवा कासदाह म्हणतात. तो करणारे जंतू बरेच आहेत, पण सगळ्यात चिवट म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा एकदा कासेत शिरला की बाहेर काढणं कठीण, आणि बऱ्याचदा वरून काहीच दिसत नाही, फक्त दूध कमी होतं आणि सोमॅटिक सेल काउंट, म्हणजे दुधातल्या मुख्यतः पांढऱ्या पेशींचा आकडा, वाढतो. तो इतका चिवट का याचं बरंचसं उत्तर त्याच्या जनुकांत आहे.

याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, साधारण २८ लाख अक्षरांचा. त्यातला मोठा भाग सगळ्या स्टॅफमध्ये सारखाच असतो, खरी गंमत उरलेल्या भागात आहे, कारण तो फेज म्हणजे जंतूंचे व्हायरस, प्लास्मिड म्हणजे डीएनएची सुटी छोटी कडी, आणि इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे यांनी भरलेला असतो आणि जंतू गाईत राहतो की माणसात यावर हे तुकडे बदलत राहतात. आरएफ१२२ या गाईच्या स्ट्रेनचा (म्हणजे जंतूच्या एका वाणाचा) जीनोम २००७ साली छापून आला, त्यात बाहेरून आलेले तुकडे तर सापडलेच, शिवाय बरीच जुनी जनुकं मोडून निकामी झालेली दिसली. गाईत राहायला ती लागतच नसावीत.

सगळ्यात छान उदाहरण हेमोलायसिनचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी फोडणाऱ्या विषाचं. माणसातल्या बहुतेक स्ट्रेनमध्ये एक फेज नेमका बीटा हेमोलायसिनच्या जनुकात घुसून बसलेला असतो, म्हणजे ते जनुक बंद, पण बदल्यात हा फेज माणसाच्या इम्युनिटीला चकवणारी जनुकं आणतो. गाईत त्या जनुकांचा फारसा उपयोग नाही, म्हणून गाईच्या स्ट्रेनमध्ये हा फेज सहसा नसतो आणि हेमोलायसिन पुन्हा चालू असतं. लॅबमध्ये मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर हे डोळ्यांनी दिसतं, कॉलनीभोवती (जंतूंच्या ठिपक्याभोवती) आत स्वच्छ कडं आणि बाहेर अर्धवट धूसर कडं, प्लेट फ्रिजमध्ये ठेवली की बाहेरचंही साफ होतं. स्वित्झर्लंडच्या गाईंमधला सीसी८ हा वंश माणसाकडूनच गाईत आला आणि येताना हाच फेज टाकून आला. उलटा प्रवासही झालाय, सीसी९७ हा मुळात गुरांचा वंश, तो माणसात पसरला असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं, आणि तिथे त्याने माणसाला चकवणारी जनुकं परत उचलली. म्हणजे दोष फक्त गोठ्याला देऊन चालत नाही, धार काढणाऱ्याचे हातही बघावे लागतात.

गाईसाठीची खास हत्यारंही आहेत. ल्यूकएमएफ हे विष फेजवरून येतं आणि गाईच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे कासेची पहिली फौजच, मारतं. काही स्ट्रेनमध्ये बॅप नावाचं जनुक असतं, त्यामुळे जंतू एकमेकांना चिकटून थर करतात, मग औषध आतपर्यंत पोचत नाही.

औषधांना न जुमानण्याची जनुकं वेगळी. ब्लाझेड हे जनुक पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतं, बऱ्याचदा प्लास्मिडवर असतं, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. मेकए हे जनुक असलं तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन आणि त्याच्या जातीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ. पण २०११ साली इंग्लंडमधल्या गाईच्या दुधातल्या जंतूत मेकसी हे नवं जनुक असल्याचं जाहीर झालं, ते मेकएशी जेमतेम ७० टक्के जुळत होतं, त्यामुळे मेकए शोधणाऱ्या पीसीआर टेस्ट (ठराविक डीएनए वाढवून ओळखणाऱ्या) निगेटिव्ह यायच्या आणि जंतू मात्र रेझिस्टंट!

कासदाह करणारा दुसरा जंतू ई. कोलाय, त्याची तऱ्हा निराळी. कासदाहाच्या सगळ्या ई. कोलायमध्ये हमखास सापडेल असा विषारी जनुकांचा ठराविक संच नाही, पण सायट्रेटला बांधलेलं लोह ओढून घेणारी फेक (fec) नावाची जनुकं त्यांच्यात फार आढळतात, आणि दुधात सायट्रेट भरपूर असतं.

व्यवहारात याचा उपयोग असा की दुधाच्या सॅम्पलवरच पीसीआर करून कुठला जंतू आणि कुठलं रेझिस्टन्स जनुक ते कळतं. फक्त पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएही दिसतो, आणि सड नीट न पुसता सॅम्पल घेतलं तर कातडीवरचे जंतूही रिपोर्टात येतात, म्हणून सडात औषधाची ट्यूब सोडायच्या आधी कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ते तपासणं) केलेली बरी.