रेडॉन मोजायचाय: कोळशाची डबी की फिल्म?

रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा, ना रंग ना वास असलेला किरणोत्सारी वायू; त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्याची टेस्ट म्हटलं की दोन वस्तू समोर येतात. दोन्ही लहानशा डब्या, ना वायर ना दिवा, त्यामुळे कुठलीही घेतली तरी चालेल असं वाटतं. मुंबईत तरी तसं नाही.

एकीत सक्रिय कोळसा, म्हणजे वायू धरून ठेवणारा खास कोळसा असतो. ती दोन ते सात दिवस उघडी ठेवायची, मग घट्ट बंद करून लगेच लॅबला द्यायची. लगेच का, तर रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. डबी कुरिअरकडे आठवडाभर पडून राहिली, तर कोळशात धरलेल्यापैकी चतकोराहून थोडाच जास्त उरतो.

दुसरीत फिल्मचा तुकडा असतो. रेडॉनमधून सुटणारे अल्फा कण तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे चरे पाडतात. फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की चरे मोठे होतात आणि मोजता येतात. ही डबी तीन महिने ते वर्षभर टांगून ठेवतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या पिनहोल डोसिमीटरमध्ये (म्हणजे बारीक भोकांच्या मोजणीच्या डबीत) अशी फिल्म लावलेले दोन कप्पे आहेत. रेडॉनचा भाऊबंद थोरॉन मिनिटाच्या आत निम्मा होतो, म्हणून बारीक भोकांतून आतल्या कप्प्यात जाईपर्यंत तो जवळजवळ संपलेला असतो. तिथे उमटतो तो रेडॉन.

डायबेटिस असलेल्यांना हा फरक सांगावा लागणार नाही: एक उपाशीपोटीची साखर, म्हणजे त्या वेळेपुरती; दुसरी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली १०० बेक्वेरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर ही पातळी वर्षाच्या सरासरीसाठी आहे. चार दिवसांचा आकडा तिच्याशेजारी ठेवून घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही घाईचंच.

त्यात आपली हवा. जुलैत कोळसा पाण्याची वाफ पितो आणि रेडॉन कमी धरतो. लॅब डबीचं वाढलेलं वजन पाहून हिशेब दुरुस्त करते, पण त्यालाही मर्यादा आहे. फिल्मला दमटपणाचं फारसं काही नाही. शिवाय कोळशाच्या डबीच्या टेस्टसाठी बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगतात. मे महिन्यात, एसी नसलेल्या घरात! येणारा आकडा खरा असेल, पण त्या घरात तसं राहतं कोण?

ऑफिसात मात्र फिल्मही थोडी फसवते. संध्याकाळी एसी बंद झाला की बेसमेंटमध्ये रेडॉन साचतो, आणि रिकाम्या रात्रीही सरासरीत धरल्या जातात. फिल्मचा आकडा जास्त आला, तर तासातासाची नोंद ठेवणारं यंत्र लावून फक्त कामाच्या वेळेचा आकडा काढावा.

बाराव्या मजल्यावरच्यांनी या भानगडीत पडू नये, असं माझं मत. रेडॉन मुख्यतः जमिनीतून येतो, आणि तो ज्यापासून तयार होतो ते युरेनियम मुंबईखालच्या बेसाल्ट खडकात ग्रॅनाइटच्या मानाने कमी. तळमजल्याची खोली, बेसमेंटमधलं ऑफिस, बंद गोदाम असेल तर फिल्म टांगा: श्वासाच्या उंचीवर, भिंतीपासून जरा सुटी, खिडकी, पंखा आणि बाथरूमपासून लांब. आणि झाडूपोछा करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कचरा समजून फेकून देतील.