सानरिकु रेल्वे : मधल्या 55.4 किलोमीटरची पार्श्वभूमी

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात, साकारी ते कुजी हा 163 किलोमीटरचा एकेरी मार्ग आज सलग सानरिकु रेल्वे या एकाच कंपनीकडे आहे. ही सलगता 23 मार्च 2019 पासूनची. त्याआधी या मार्गाचा हिशेब कायम तुकड्यांत मांडला गेला, आणि त्याची फरपट झाली ती त्या हिशेबापायीच.

मियाको ते कामाइशी हा मधला 55.4 किलोमीटरचा भाग 1939 मध्येच पूर्ण झाला होता. खाडीकाठच्या सखल गावांतून, मातीच्या भरावांवरून तो नेलेला होता. दोन्ही बाजूंचे मार्ग मात्र 1970 च्या दशकात तुकड्यातुकड्यांनी उघडले: मियाको–तारो 1972, साकारी–योशिहामा 1970 ते 1973, कुजी–फुदाई 1975. बांधणी नव्या काळातली असल्याने इथे बोगदे आणि उंच पूल जास्त आहेत. या तुकड्यांना जोडणारे दुवे अपुरे असतानाच 1980 चा सरकारी रेल्वेचा पुनर्रचना कायदा आला. कसोटी होती वाहतूक घनतेची: वर्षभराच्या प्रवासी-किलोमीटरला मार्गाच्या लांबीने आणि दिवसांच्या संख्येने भागायचे. उत्तर 4,000 च्या खाली आले की मार्ग सोडून द्यायच्या यादीत. पहिल्या यादीत गेले ते 2,000 च्या खालचे, 30 किलोमीटरपर्यंतचे, पुढे कुठेच न जोडलेले फाटे. हे तिन्ही तुकडे त्यात चपखल बसले. पण ते पुढे जोडलेले नव्हते, कारण पुढचा मार्ग सरकारनेच अजून पुरा केलेला नव्हता. अपुऱ्या कामाचा दोष त्या कामाच्याच माथी मारला गेला.

देशभरात असे 83 मार्ग निघाले. त्यातल्या 45 ठिकाणी बस आली, 38 ठिकाणी रूळ राहिले. इथे प्रांत, गावे आणि खासगी भागधारक यांनी मिळून सानरिकु रेल्वे ही कंपनी काढली. जपानी लोक अशा कंपनीला ‘तिसरे क्षेत्र’ म्हणतात. स्वयंसेवी संस्थांशी या शब्दाचा संबंध नाही. उरलेले दुवे बांधून 1 एप्रिल 1984 रोजी उत्तरेचा 71 आणि दक्षिणेचा 36.6 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. मधला भाग सरकारी रेल्वेकडेच राहिला, आणि 1987 च्या विभाजनानंतर तो एका मोठ्या रेल्वे कंपनीकडे गेला.

11 मार्च 2011 च्या त्सुनामीत शिमानोकोशी स्थानक पुलासकट गेले. मियाकोत वीज नव्हती. स्थानकात उभ्या असलेल्या डिझेल डब्याचे इंजिन चालू ठेवले की दिवे लागत आणि ऊब मिळे, म्हणून आपत्ती कक्ष त्या डब्यातच थाटला गेला. पाचव्या दिवशी कुजीहून रिकुचू-नोदापर्यंत गाडी सुटली, तीही मोफत. शिमानोकोशीचा पूल पुन्हा उभारला नाही. त्या जागी थराथरांत जाळी अंथरून घट्ट केलेला उंच भराव घातला, म्हणजे पुढची लाट अडवायलाही तो कामी येईल. एप्रिल 2014 मध्ये दोन्ही मार्ग पूर्ववत झाले.

मधले 55.4 किलोमीटर मात्र तसेच पडून होते. हेई नदीवरचा आणि ओत्सुचीचा पूल वाहून गेलेला, सखल भागातला भराव धुऊन निघालेला. जून 2012 मध्ये मोठ्या कंपनीने सुचवले की रूळ काढावेत, ती पट्टी डांबरी करावी आणि तिच्यावरून बस चालवावी. दक्षिणेकडच्या केसेन्नुमा आणि ओफुनातो मार्गांवर तेच झाले. इवातेतल्या गावांनी नकार दिला. अनेकांनी त्याला भावनेचा हट्ट ठरवले. तो निव्वळ हिशेब होता. मधे बस आली असती तर उत्तर आणि दक्षिण हे दोन अपंग तुकडे कायमचे उरले असते. डबे, कर्मचारी, देखभालीची यंत्रे एकीकडून दुसरीकडे नेता आली नसती, सगळे दुप्पट ठेवावे लागले असते.

खरी गाठ कायद्यात होती. रूळदुरुस्तीसाठी सरकारी अनुदान फक्त तोट्यातल्या कंपनीला मिळे. त्यामुळे छोट्या कंपनीचा खर्च सरकार आणि स्थानिक संस्थांनी निम्मानिम्मा उचलला, आणि शेजारच्याच किनाऱ्यावर नफ्यातल्या कंपनीला मदतीची दारे बंद. हा कायदा 2018 मध्ये बदलला; या मार्गाचा निर्णय तोवर होऊन गेला होता.

जानेवारी 2014 मध्ये मधला भाग छोट्या कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव मोठ्या कंपनीकडून आला आणि फेब्रुवारी 2015 मध्ये करार झाला. अंदाजे 2,100 कोटी येनपैकी 1,400 कोटी मोठ्या कंपनीने द्यायचे आणि उरलेले पुनर्बांधणी निधीतून यायचे. शिवाय 300 कोटी येनची एकरकमी मदत आणि 8 डिझेल डबे. रुळांखालचे लाकडी स्लीपर काढून काँक्रीटचे बसवण्याची अटही तितकीच मोलाची होती, कारण लाकडी स्लीपर कुजतात आणि ते बदलायला सतत माणसे लागतात. छोट्या कंपनीकडे नेमकी माणसांचीच चणचण असते. याला औदार्य म्हणणे मला पटत नाही. रक्कम एकदाच मिळाली. तोटा, पूल आणि बोगदे मात्र प्रांताच्या आणि गावांच्या गळ्यात कायमचे पडले.

हस्तांतराबरोबर हाराईगावा आणि यागिसावा-मियाकोतांदाई ही दोन नवी स्थानके उघडली. सात महिनेही झाले नाहीत तोच ऑक्टोबर 2019 च्या वादळात डोंगरउतारावरचे पाणी मार्गावर आले, खाली खडीच उरली नाही आणि रूळ अधांतरी लोंबकळले. सगळा मार्ग पुन्हा सुरू व्हायला 20 मार्च 2020 उजाडला.