३० ची पाटी, ३५ ची पावती

ब्रिटनमध्ये ताशी ३० मैलांची पाटी असलेल्या रस्त्यावर कुणी ३२ नं गेला, तर गुन्हा घडतोच. पावती मात्र सहसा फाटत नाही. पोलिसप्रमुखांच्या परिषदेचा हिशेब असा: मर्यादेत तिचाच दहावा हिस्सा मिळवायचा, वर २ मैल धरायचे. म्हणजे ३० ला ३५, ७० ला ७९. कायद्यात हे कुठंच लिहिलेलं नाही. ही फक्त मार्गदर्शक सूचना आहे आणि पोलीस त्याआधीही अडवू शकतात.

या सवलतीला लोक पोलिसांचा मोठेपणा समजतात. मला तिच्या मुळाशी दिसतो तो मोजमापावरचा अविश्वास. १८९६ च्या जानेवारीत केंटमध्ये वॉल्टर अरनॉल्डला हवालदारानं सायकलवरून पाठलाग करून धरलं. वेग ताशी ८ मैल, मर्यादा २, वेगाबद्दलचा दंड एक शिलिंग. १९०३ च्या कायद्यानं मर्यादा २० वर नेली, पण एक अटही घातली: एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कुणाला दोषी धरायचं नाही. मग पोलीस मोजलेल्या अंतरावर स्टॉपवॉच घेऊन दबा धरू लागले. या सापळ्यांची खबर चालकांना मिळावी म्हणून १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. १९१० मध्ये न्यायालयानं असा इशारा देणं गुन्हा ठरवलं, तेव्हा संघटनेनं शक्कल लढवली. तिचा गस्तवाला सदस्याच्या गाडीला एरवी सलाम ठोकायचा. त्यानं ठोकला नाही, की पुढं सापळा आहे हे ओळखायचं. सलाम न केल्याबद्दल खटला कसा भरणार?

गाडीतल्या काट्याची सबब मात्र चालत नाही. नियमानुसार काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवू शकतो, कमी नाही. काट्यावर ३५ दिसतात तेव्हा गाडी बहुधा त्याहून हळूच चाललेली असते. २०१८ मध्ये अँथनी बँगहॅम या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानं ही ढिलाई बंद करा म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला. सूत्र टिकलं. लंडनच्या पोलिसांनी २०१९ मध्ये आपल्याकडची दहाव्या हिश्श्यावरची सूट तेवढी ३ मैलांवरून २ वर आणली.

१९०३ ची ती अट आपल्याकडेही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार एकट्या साक्षीदाराचा अंदाज यंत्राच्या आधाराशिवाय पुरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता ते यंत्र खांबावरच बसवलेलं आहे.