स्पोर्ट्स कारसाठी एअर सस्पेन्शन निवडताना

एअर सस्पेन्शनमध्ये गाडी स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेने फुगणाऱ्या रबरी स्प्रिंगवर तोललेली असते आणि हवा कमीजास्त करून तिची उंची बदलता येते. त्यामुळे गाडी किती खाली बसेल, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. आमच्या मते तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. उभी गाडी जमिनीला टेकलेली देखणी दिसते, पण ती धावते वेगळ्याच उंचीवर, आणि तिचे वळण, ब्रेक, टायरची झीज हे सगळे त्या उंचीवर अवलंबून असते. या पत्रकात तिला आम्ही ‘धावती उंची’ म्हटले आहे. धावती उंची आधी पक्की करा. एअर स्प्रिंग, शॉक (स्प्रिंगचे डोलणे आवरणारा भाग), व्हॉल्व्ह आणि हवेची टाकी तिच्या हिशेबाने निवडायची असतात.

मुळात एअर सस्पेन्शन हवे का?

गाडी मुख्यतः ट्रॅकवर पळवायची असेल, तर आम्ही चांगले कॉइलओव्हर (शॉकभोवती बसवलेली, उंची बदलता येणारी स्टीलची स्प्रिंग) घ्या असेच सांगू. हवेच्या संपूर्ण यंत्रणेने गाडीचे वजन साधारण २० ते ३० किलोने वाढते आणि बिघडू शकणाऱ्या जागाही वाढतात. अडचण फक्त रॅम्पवर आणि गतिरोधकावर पुढचा बंपर घासण्याची असेल, तर कॉइलओव्हर ठेवून फक्त पुढचे नाक उचलणारा लिफ्ट किट पुरतो. तो ३० ते ५० मिमी उचल देतो, हलका असतो आणि त्याने गाडीच्या चालीत काही बदल होत नाही.

रस्त्यावर रोज चालवायची, खाली ठेवायची, कधी दोघे आणि सामान तर कधी एकटाच चालक, आणि तरी उंची कायम हवी, अशी गरज असेल तर मात्र एअर सस्पेन्शनला तोड नाही. पोर्शेच्या पानामेरा आणि टायकान या वेगवान गाड्या एअर सस्पेन्शनवर मिळतात, पण त्याच कंपनीची ९११ स्टीलच्या स्प्रिंगवर चालते. जड, चार जणांच्या गाडीत भार खूप कमीजास्त होतो. हलक्या गाडीत तितका होत नाही. आपली गाडी यांपैकी कोणाच्या जवळची आहे, हे पाहा.

एअर स्प्रिंग: दाब वजन ठरवते, तुम्ही नाही

‘दाब वाढवला की गाडी कडक होईल’ हा समज आम्हाला वारंवार भेटतो. दाब वाढवला की गाडी वर उचलली जाते. ठरलेल्या उंचीवर दाब किती असणार, हे त्या कोपऱ्यावरचे वजन आणि स्प्रिंगचे प्रभावी क्षेत्रफळ (हवेचा दाब ज्यावर वजन उचलतो ते) ठरवते. बटण दाबून तो बदलता येत नाही.

हिशेब करून पाहू. एका कोपऱ्यावर ३८० किलो भार आहे. त्यातले चाक, ब्रेक, हब वगैरे मिळून ४० किलो स्प्रिंगवर येत नाहीत, म्हणून उरले ३४०. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात असलेली रचना) चाक १० मिमी वर गेले की स्प्रिंग साधारण ९.५ मिमी दबते. त्यामुळे स्प्रिंगवर ३४० भागिले ०.९५, म्हणजे ३५८ किलो येतात. स्प्रिंगचे प्रभावी क्षेत्रफळ ६० चौ. सेंमी असेल तर लागणारा दाब होतो सुमारे ५.९ बार, म्हणजे ८५ पीएसआय. आता तेच वजन डबल विशबोनवर (चाक वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरणारी रचना) घ्या, जिथे चाक १० मिमी गेले तर स्प्रिंग ६.५ मिमीच दबते. भार ५२३ किलोवर जातो आणि तीच स्प्रिंग ८.६ बार, म्हणजे जवळपास १२५ पीएसआय मागते. ही स्प्रिंग तिच्या कमाल दाबाच्या काठावर चालणार, आणि टाकीतला दाब १० बारला उतरला की गाडी उचलायला वेळ लावणार. इथे मोठ्या क्षेत्रफळाची स्प्रिंग हवी. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ म्हणून विकला जाणारा किट नेमका इथे फसतो.

कडकपणा येतो तो प्रामुख्याने स्प्रिंगमधल्या हवेच्या आकारमानातून. कमी हवा असेल तर स्प्रिंग कडक, जास्त असेल तर मऊ. साध्या घरगुती गाडीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला १ ते १.३ वेळा डोलते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी १.५ ते २ हा आकडा आम्ही धरतो. किट घेताना विक्रेत्याला धावत्या उंचीवरचा स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारा जोर, विचारा. कमाल दाब किती, एवढेच उत्तर मिळाले तर तो किट उचलण्यासाठी बनवलेला आहे, चालवण्यासाठी नाही.

आकारांमध्ये दोन मुख्य प्रकार. डबल बेलो रुंद आणि बुटकी असते, कमी दाबात जास्त वजन उचलते, पण तिची चाल (वर-खाली होण्याचे अंतर) आखूड आणि शेवटाकडे ती झपाट्याने कडक होते. स्लीव्ह प्रकारची स्प्रिंग सडपातळ असते. रबर पिस्टनवरून गुंडाळत खाली उतरते, चाल लांब मिळते आणि रेट त्यामानाने समान राहतो. स्पोर्ट्स कारच्या चाकाजवळच्या अरुंद जागेत बहुतेक वेळा स्लीव्हच योग्य ठरते.

शॉक आणि उरलेली चाल

पैसे वाचवायचे असतील तर टाकीच्या चकाकीवर वाचवा, शॉकवर नाही. मोनोट्यूब (एकाच नळीचा), रिबाउंड बदलता येणारा शॉक घ्या; रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉक करतो तो विरोध. स्प्रिंग उंचीनुसार आपला रेट बदलते, त्यामुळे मूळ गाडीच्या शॉकचे डॅम्पिंग (डोलणे आवरण्याची ताकद) तिला जुळत नाही. रिबाउंड कमी पडला की लाटेसारख्या रस्त्यावर गाडी तरंगत राहते. जास्त झाला की लागोपाठच्या खड्ड्यांवर चाक पुरते खाली यायच्या आतच पुढचा धक्का बसतो आणि गाडी हळूहळू खाली दबत जाते.

धावत्या उंचीवर दबण्याच्या दिशेने ५० ते ६० मिमी चाल शिल्लक हवी. ती २० मिमीवर आली, तर वेगाच्या वळणात बाहेरचे चाक बंप स्टॉपला (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला) टेकते, तो कोपरा क्षणात अनेक पटींनी कडक होतो आणि टायरची पकड एकदम सुटते. चालकाला त्याची आधी चाहूल लागत नाही, म्हणूनच हा दोष धोकादायक आहे. ‘आणखी १५ मिमी खाली चालवता येईल का’ या मागणीला आम्ही अनेकदा नकार देतो, त्यामागे हेच कारण असते.

नियंत्रण: चार कोपरे, चार वाटा

डाव्या आणि उजव्या स्प्रिंगला एकाच व्हॉल्व्हमधून टी (तीन तोंडी जोड) लावून हवा देणारे स्वस्त किट मिळतात. स्पोर्ट्स कारला ते लावू नका. वळणात बाहेरच्या स्प्रिंगमधली हवा नळीतून आतल्या बाजूला सरकते आणि गाडी आणखी कलते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवेत, भरायचा वेगळा आणि सोडायचा वेगळा. म्हणजे चार कोपऱ्यांना एकूण आठ.

यानंतर प्रश्न येतो दाब मोजणारा कंट्रोलर घ्यायचा की उंची मोजणारा. दाबावर चालणारा सोपा आणि स्वस्त. पण शेजारी माणूस बसला की तोच दाब असूनही त्या बाजूची उंची उतरते. उंचीवर चालणारा प्रत्येक चाकाशी सेन्सर ठेवतो आणि भार बदलला तरी गाडी समपातळीत आणतो. मात्र फक्त उंचीवर भरवसा ठेवला तर एक गोम आहे. चार पायांचे टेबल तीन पायांवरही स्थिर उभे राहते, तशी गाडी चारही कोपऱ्यांना अचूक उंचीवर असताना एका कर्णावर जड आणि दुसऱ्यावर हलकी असू शकते. मग ती डावीकडे एका पद्धतीने वळते, उजवीकडे दुसऱ्या. म्हणून उंची आणि दाब दोन्ही वाचणारा कंट्रोलर आम्ही सुचवतो, आणि बसवल्यावर चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून दोन्ही कर्णांवरच्या (तिरक्या जोडीतल्या) चाकांच्या वजनांची बेरीज तपासतो.

नळी ६ मिमीची घ्या. १० मिमीच्या नळीने गाडी झटकन उठते, पण ठरलेली उंची ओलांडून मग खाली येते, पुन्हा वर जाते. व्हॉल्व्ह उगाच टकटकत राहतात. धावत्या उंचीच्या बारीक दुरुस्तीला संथ प्रवाहच लागतो.

टाकी, कॉम्प्रेसर, वायर

धावत्या उंचीवर प्रत्येक स्प्रिंगमध्ये दीड लिटर हवा आणि ६ बार दाब धरला, तर पूर्ण खाली बसलेली गाडी उचलायला सुमारे ४० लिटर मोकळी हवा लागते. १२ बारची टाकी ७.५ बारपर्यंत उतरू दिली, तर ११ लिटरच्या टाकीतून अशी एक पूर्ण उचल मिळते, १९ लिटरच्या टाकीतून दोन. डिकी लहान असेल तर ११ लिटर पुरे. उरलेले काम कॉम्प्रेसर करेल, फक्त थोडा धीर धरावा लागेल.

कॉम्प्रेसरवरचा ड्युटी सायकल आकडा नीट वाचा. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटे चालला तर वीस मिनिटे विश्रांती. थेंबथेंब गळणाऱ्या यंत्रणेत तो ही मर्यादा रोज ओलांडतो. जळलेला कॉम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. एक कॉम्प्रेसर २० ते ३० अँपिअर खेचतो. पाच मीटर अंतरासाठी एकाला १० चौ. मिमी, दोघांना १६ चौ. मिमी तांब्याची वायर, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज मागे कॉम्प्रेसरजवळ बसवला, तर मधली सगळी वायर शॉर्ट झाल्यास संरक्षणाविना राहते.

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, आणि गरम हवेतले पाणी वॉटर ट्रॅपमध्ये थांबत नाही. म्हणून ट्रॅप टाकीच्या पुढे, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आधी, हवा थंड झाल्यावर लावतो. टाकीला तळाशी ड्रेन कॉक हवाच. दमट हवेत आठवड्याला, एरवी महिन्याला तो उघडा. पाणी साचू दिले तर व्हॉल्व्हच्या सीटवर गंज येतो, आणि कडक थंडीत ते गोठून व्हॉल्व्ह उघडा अडकतो. सकाळी एकच कोपरा खाली बसलेला दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

बसवताना कुठे चुकते

नळी पक्कडीने कापणे ही गळतीची सगळ्यात मोठी खाण. चेपलेले, तिरके टोक फिटिंगमधल्या ओ-रिंगला ओरखडते. नळीच्या कटरने काटकोनात कापा, फिटिंग किती आत घेते ती खूण टोकावर करा, खूण दिसेनाशी होईपर्यंत दाबा आणि मग ओढून पाहा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचे तंतू सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. द्रव सीलंट वापरा आणि पहिला आटा कोरडा ठेवा. सायलेन्सरच्या नळीपासून १५० मिमी अंतर, पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट.

स्प्रिंग पूर्ण फुगवून आणि पूर्ण खाली बसवून, दोन्ही स्थितींत टायर, ब्रेक होज आणि ड्राइव्ह शाफ्टपासून सगळीकडे किमान १५ मिमी मोकळी जागा हवी. पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहा. स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची) मूळ लिंक बहुधा लांब पडते आणि बार ड्राइव्ह शाफ्टला किंवा टाय रॉडला लागतो. आखूड लिंक आधीच मागवा. गाडी जॅकवर लटकत असताना दाब नसलेली स्लीव्ह ताणली जाते, आणि उतरवताना तिची घडी आत चिमटते. म्हणून चाके जमिनीला टेकण्याआधी प्रत्येक स्प्रिंगमध्ये १ बार तरी हवा भरा. गाडीबाहेर सुटी स्प्रिंग कधीही फुगवू नका. तिला अडवणारे काही नसते आणि तिचे टोक उडून जबर इजा होऊ शकते. उचललेल्या गाडीखाली फक्त हवेच्या भरवशावर शिरू नका, स्टँड लावूनच शिरा.

गाडी घरी नेल्यावर

साबणाचे पाणी फवारून प्रत्येक जोड पाहा. मग गाडी रात्रभर उभी ठेवून प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजा, पण तापमानही टिपा: तापमान ३५ अंशांवरून १५ अंशांवर उतरले, तर गळती नसतानाही स्प्रिंगमधली हवा आकसते आणि गाडी थोडी खाली बसते. एकाच कोपऱ्याची उंची इतरांपेक्षा जास्त उतरली तरच तिथे गळती शोधा.

व्हील अलाइनमेंट धावत्या उंचीवरच करायची. खाली बसवून केलेले अलाइनमेंट धावताना निरुपयोगी असते. उंची बदलली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाची आत-बाहेर दिशा) दोन्ही सरकतात, आणि टो बिघडला तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये संपते. हेडलाइटचा झोतही त्याच उंचीवर जुळवा. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. नोंदणी आणि विम्याचे नियम जिथे गाडी चालते तिथले लागू होतात. बदल कळवला नाही तर अपघाताच्या दाव्यात अडचण येऊ शकते, म्हणून विमा कंपनीला आधीच लेखी कळवा.

मागणी नोंदवताना आम्हाला पाठवा

गाडीचे मॉडेल व वर्ष. चारही कोपऱ्यांचे वजन, चालक आत बसलेला आणि इंधनाची टाकी अर्धी भरलेली. रिम आणि टायरचा आकार, रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर). प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे सध्याचे अंतर. आणि तुम्हाला हवी असलेली धावती उंची. पुढच्या सस्पेन्शनचा, चाक काढून, समोरून घेतलेला एक स्वच्छ फोटो जोडलात तर स्प्रिंगचा आकार आम्ही पहिल्याच उत्तरात सांगू शकतो.