केवडा, भुरी आणि कागदी सूक्ष्मदर्शक

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूस-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात आठवी-नववीतल्या मुलांना केवडा आणि भुरी ही वेलीवरच्या रोगांची नावं जीवशास्त्राच्या पुस्तकाआधी घरातच कळतात. कशावर काय फवारायचं, तेही ठाऊक असतं. पानावर नेमकं काय वाढतंय, ते मात्र दिसत नाही. शाळेचा सूक्ष्मदर्शक मोडेल या भीतीने कपाटातच राहतो.

ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून स्टॅनफर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक मांडला. मुलं तो कागदाच्या घड्या घालून स्वतः जोडतात. सुट्या भागांचा खर्च तेव्हा एका डॉलरच्या आत होता. प्रकाश आयआयटी कानपूरचे पदवीधर. पुढे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यांच्या प्रयोगशाळेशी करार करून भारतातल्या शिक्षण-संशोधनासाठी अनुदानही दिलं.

एका भिंगाची कल्पना मात्र जुनीच. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक एकाच बारीक भिंगातून पाण्यातले जीव पाहत होता. १८३० च्या सुमारास रंगदोष काढलेली भिंगं आली आणि जोडभिंगांचा सूक्ष्मदर्शक पुढे गेला. फोल्डस्कोप पुन्हा एका भिंगावर आला. २.४ मिलिमीटर व्यासाचा काचेचा मणी वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो. मणी जितका लहान, तितकं वर्धन जास्त, पण नमुना भिंगाच्या तितकाच जवळ हवा. म्हणून जाड काप ठेवला की फोकस लागतच नाही. भिंगावर बोट लागलं तर सगळं धुरकट. आणि उजेडासाठी आकाशाकडे धरायचं, सूर्याकडे कधीच नाही.

केवड्यालाही इतिहास आहे. तो १८७० च्या दशकात अमेरिकी वेलींबरोबर युरोपात पोचला. फ्रान्समध्ये चोरांना दूर ठेवायला रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेलींची पानं केवड्यातही टिकलेली मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिली आणि १८८५ मध्ये केवड्यावरचं बोर्डो मिश्रण जाहीर केलं. आपल्याकडचं एक टक्का मिश्रण तेच: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रणात बुडवलेल्या विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय.

नमुना ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दमट दिवसांत चांगला मिळतो. वर तेलकट डाग असलेलं, नुकतं न फवारलेलं पान घ्या. खाली पांढरी वाढ नसेल, तर ओल्या कागदासह पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. ती ओलाव्यात आणि अंधारातच उगवते. सकाळी त्या वाढीवर पारदर्शक टेप एकदाच हलकी टेकवा. दुपारपर्यंत बीजाणू सुकून चिमटतात. काही वाणांच्या पानामागे मूळचीच लव असते. ती खरवडून सहज निघत नाही, केवडा निघतो.

फोल्डस्कोपमधून टेपवर फांद्यांसारखे देठ आणि लिंबाच्या आकाराचे दाणे दिसले तर केवडा. हे देठ पर्णरंध्रांतून बाहेर येतात, कारण केवडा पानाच्या आत राहतो. (पुस्तकं त्याला बुरशी म्हणतात, नात्याने तो तपकिरी शैवालांच्या जवळचा.) भुरी पृष्ठभागावर पसरते, म्हणून गंधकाची वाफ तिला गाठते. तिचे बीजाणू मण्यांच्या माळेसारखे ओळीने असतात, पण टेप जोराने दाबली की माळ तुटते. मग सुटे मणी पाहून मुलं भुरीलाच केवडा म्हणतात.