वेताळाचा प्रश्न आणि आमची वाचणारी मुलं

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत सगळ्यात मोठा माणूस कोण, तर नेव्हिल लाँगबॉटम, असं माझ्या भाचीचं मत आहे. ती यंदा दहावीला आहे. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर चिरमुऱ्यांची वाटी मांडीवर घेऊन तिने हे मला सुनावलं आणि पुरावा म्हणून पाचवं पुस्तक उघडून समोर धरलं. इस्पितळातला प्रसंग. नेव्हिलचे आईवडील छळाने भान हरपून वर्षानुवर्षं तिथे पडून आहेत. आई येते आणि त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाक तो टोपलीत, असले ढीगभर दिलेत तिने. नेव्हिल गुपचूप तो कागद खिशात घालतो.

"मावशी, हॅरीला सगळं जग ओळखतंय. ह्याच्याकडं कोण बघतंय सांग की? तरी त्यानं कागद टाकला नाही."

मी हॅरीची बाजू घेतली. ती म्हणाली, खलनायकाला हरवणाऱ्या मुलाची भविष्यवाणी दोघांनाही लागू होत होती, दोघेही जुलैच्या शेवटी जन्मलेले. खलनायकाने हॅरीला निवडलं म्हणून तो नायक झाला. नेव्हिलला कुणीच निवडलं नाही, तरी तो शेवटी तलवार घेऊन उभा राहिलाच. यावर मला बोलायला काही उरलं नाही.

पात्रांवरून असं हिरिरीने भांडायची सवय मुलांना इंग्रजी पुस्तकांनी लावली, असं आमच्याकडचे बरेच पालक मानतात. मला ते पटत नाही. ही सवय फार जुनी आहे आणि तिचा माग काढत गेलं तर तो आपल्याच घरात येऊन पोचतो.

विक्रम राजा झाडावरचं प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, राजा, यांच्यात खरा थोर कोण? चूक कुणाची? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडाला लोंबकळतो. गोष्ट संपली की ऐकणाऱ्याने पात्रांबद्दल मत द्यायचंच, अशी सक्ती करणारी ही रचना आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात या गोष्टी आहेत. आणि सोमदेव ज्या बृहत्कथेचा आधार सांगतो ती गुणाढ्याची, म्हणजे परंपरेप्रमाणे सातवाहनांच्या दरबारातली, आपल्या पैठणची. मराठी छापखान्याच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. इथून घाट उतरून खाली गेलं की दक्षिण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा देऊळ असलेला गावदेव आहे. आमच्या खानापूरकडच्या माणसांना वेताळ पुस्तकातून भेटायची गरज कधी पडलीच नाही.

माझ्या पिढीला तो 'चांदोबा'त भेटला. १९४७ साली मद्रासमध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये काढलं. कन्नड आवृत्ती १९४९ ला आली, मराठी १९५२ ला. भाषा वेगवेगळ्या, चित्रं मात्र तीच. इथे राहणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. शेजारच्या घरी कन्नड 'चंदमामा' यायचा, आमच्याकडे मराठी 'चांदोबा'. दोन्ही अंक कट्ट्यावर शेजारी शेजारी उघडून मी आणि माझी मैत्रीण बसायचो. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान, असं शंकर यांचं ते चित्र दोन्हीकडे. ती कन्नडमधून वाचायची, मी मराठीतून सांगायची, आणि वेताळाच्या प्रश्नाशी आलो की दोघी अंक पालथे घालायचो. आधी आपलं उत्तर सांगायचं, मग राजाचं बघायचं. राजा चुकला असंही आम्ही कितीदा ठरवलं. कन्नड अक्षरांची ओळख मला शाळेने करून द्यायच्या आधी त्या चित्रांनी करून दिली.

मग आमच्या मराठीत अद्भुत मागे का पडलं? इथे इतिहासात एक गंमतीची जागा आहे आणि ती आमच्या जिल्ह्याशी बांधलेली आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची. ती लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मलेले. विधवांची दुःखं मांडणारं, पाय जमिनीवर असलेलं ते पुस्तक. त्यानंतर मात्र अद्भुताची लाट आली. १८६१ मध्ये हळबे यांची 'मुक्तामाला', १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा', आणि त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी. राजपुत्र, राजकन्या, कपटी मंत्री, योगायोगांवर योगायोग. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'मोचनगड' लिहून मराठी कादंबरीला शिवकालाकडे वळवलं. गुंजीकर आमच्या जांबोटीचे. म्हणजे अद्भुताच्या एका बाजूला बेळगावचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला जांबोटीचा. दोघांनीही मोठं काम केलं याबद्दल वाद नाही. पण त्यांनी दाखवलेल्या वाटा पुढे हमरस्ते झाले आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटात झाली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात हेच दुखणं मांडलं आहे. मोठ्यांना नकोसं झालेलं जुनं फर्निचर जसं मुलांच्या खोलीत ढकलतात, तशा या कथा तिकडे गेल्या. मुलांनी त्या मागून घेतलेल्या नव्हत्या. त्यांचं हे म्हणणं मला आमच्या जुन्या घरातल्या कपाटावर उभं राहून सांगितल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे 'बालकुमार' हा शब्द आहे, 'किशोर' मासिक १९७१ पासून आहे. पण पंधरा ते एकोणीस या वयासाठी वेगळं कपाट मराठीने कधी मांडलं नाही. त्या वयात आम्ही काय वाचलं? कर्ण वाचला. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ला आली. सावंत आजऱ्याचे, इथून फार लांबचे नव्हेत. जन्माचं गुपित, अंगाला चिकटलेली कवचकुंडलं, टाकून दिलेलं मूल, शाप, आणि चुकीच्या बाजूला निष्ठेने उभा राहिलेला वीर. आज इंग्रजीत ज्याला तरुण वाचकांची फँटसी म्हणतात तिच्या नायकाला लागणारं सगळं सामान त्या एका माणसापाशी आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात कर्ण की अर्जुन यावरून बोलणं बंद झालेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. योगायोग असा की इंग्रजीत हे कपाट वेगळं होऊ लागलं ते याच सुमारास. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ ची, आणि पुढच्याच वर्षी उर्सुला ले ग्विन यांचं अर्थसी या कल्पित जगाचं पहिलं पुस्तक.

मोठ्यांसाठी अद्भुत मराठीत परत आणलं ते जी. ए. कुलकर्णींनी. बालपण बेळगावात, नोकरी धारवाडात. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घ कथा सोळाव्या वर्षी वाचल्या तेव्हा मला निम्म्या कळल्या नव्हत्या. तरी पुढे कितीतरी दिवस वाळवंट डोळ्यांपुढून हलत नव्हतं. अद्भुताकडे पाठ फिरवणारे आमचे, आणि त्याला पुन्हा घरात घेणाराही आमचाच. जी.ए. नसते तर मी ले ग्विनपर्यंत पोचले नसते.

ले ग्विन यांना एका प्रकाशकाने थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहा म्हणून विचारलं. त्यांना प्रश्न पडला, गोष्टींतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे. मग ते पोरवयात कसे होते, शिकले कुठे? त्यातून गेड आला. गोंट बेटावरच्या कासाराचा मुलगा, तांबूस तपकिरी कातडीचा. ईर्षेपोटी तो एक सावली मोकळी सोडतो, तिच्यापासून पळतो आणि शेवटी तिला स्वतःचंच नाव देऊन सामोरा जातो. त्या जगात खरं नाव ज्याला ठाऊक त्याची सत्ता. १९७१ च्या पुढच्या पुस्तकात टेनार येते. लहानपणी तिला घरातून उचलून देवळात नेतात, नाव काढून घेतात आणि 'अर्हा', म्हणजे भक्षिली गेलेली, म्हणून हाक मारू लागतात. गेड तिला तिचं नाव परत देतो.

माझं सगळ्यात आवडतं पात्र कोण, तर टेनार. कारण सांगते. माझ्या आईचं माहेरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नवव्या वर्षी, खानापूरला, तिच्या एका म्हाताऱ्या आत्याच्या तोंडून. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून तिला नवीन नाव दिलं होतं. त्या जुन्या नावाने हाक आली तेव्हा चुलीपुढे बसलेली आई ज्या तऱ्हेने वळली, तशी ती आमच्या घरात कधीच वळली नव्हती. टेनारला नाव परत मिळतं ते पान मी वाचते तेव्हा मला ती चूल दिसते. नाव बदलणं म्हणजे काय हे आमच्याकडे माणसांना वेगळं समजवावं लागत नाही; राज्य १९५६ ला बदललं, शहराचं सरकारी नाव २०१४ ला.

नव्वदीनंतरचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तो थोडक्यात सांगते. १९९५ मध्ये फिलिप पुलमन यांच्या कादंबरीची नायिका लायरा आली. तिच्या जगात प्रत्येकाचा जीव प्राण्याच्या रूपात बाहेर वावरतो. मुलांचा रूपं बदलत राहतो आणि वयात येताना एका रूपात स्थिरावतो. वयात येण्याचं याहून नेमकं चित्र माझ्या वाचनात नाही. १९९७ मध्ये हॅरी पॉटर आला आणि त्याने प्रौढांच्या याद्यांमध्ये इतका मुक्काम ठोकला की न्यूयॉर्क टाइम्सने २००० साली मुलांच्या पुस्तकांची खपाची यादीच वेगळी केली. २००५ नंतर एक मुलगी आणि तिच्यामागे दोन मुलगे हा साचा जो पडला त्याने पुढची कितीतरी पुस्तकं नासवली असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मुलींना दोघांतला एक निवडण्यापलीकडे कामच उरत नाही.

पॉटरच्या पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. हा शब्द अनुवादकाला घडवावा लागला नाही, तो वारकऱ्यांच्या घरात तयार होता. परिसा भागवताची गोष्ट आमच्या आजीने सांगितलेली. त्याच्या बायकोने परीस नामदेवाच्या राजाईला दिला, नामदेवाने तो चंद्रभागेत फेकला. परत मागायला आल्यावर नामदेवाने वाळवंटातले खडे ओंजळीत घेतले, तर सगळेच परीस. पॉटरच्या पहिल्या पुस्तकातही शेवटी हॅरीचे हेडमास्तर डंबलडोर आणि त्यांचे मित्र ठरवून परीस नष्ट करून टाकतात. भाचीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग डंबलडोर वारकरीच की गं."

पण ती स्वतः ज्याच्यापाशी सगळ्यात आधी थांबली तो पर्सी जॅक्सन. त्याला पानावरची अक्षरं हलताना, तरंगताना दिसतात. रिक रायर्डन यांच्या मुलाला वाचनाची तशीच अडचण होती. त्याला रात्री सांगितलेल्या गोष्टींतून पर्सी झाला. पुस्तकात कारण दिलं आहे की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे. आमची मुलं देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच दप्तरातून वाहतात. चौथीत असताना भाची मराठीच्या वहीत मध्येच कन्नड 'ಮ' काढायची आणि शाळेत बोलणी खायची. एका बाईंनी सगळ्या वर्गापुढे ती वही उंच धरली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. पाचवीच्या सुट्टीत पर्सी वाचून झाल्यावर मला म्हणाली, "त्याला पण अक्षरं चुकवतात, आणि त्यात त्याची चूक नाही." तोवर तिने पुस्तकाचं नाव काढलं की तोंड फिरवलेलं असायचं.

याच भागातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत लोक स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवतात, मांडवात बायापोरं दिवसभर बसतात. कविता होते, कथाकथन होतं, सीमाप्रश्नावर बोलणं होतं. या मांडवात एक तास वेताळाचा असावा असं मला फार वाटतं. मुलांनी आपलं पात्र घेऊन उभं राहायचं आणि थोर कोण ते सांगायचं. मग पात्र कन्नड पुस्तकातलं असो, इंग्रजी असो की मराठी.

गेल्या महिन्यात मी भाचीला १९९० सालचं 'टेहानू' दिलं. त्यात टेनार चाळिशी ओलांडलेली, शेतकऱ्याची विधवा, एका भाजलेल्या पोरीला सांभाळणारी. गेडची जादू संपलेली. मला ते अर्थसीमधलं सगळ्यात धीट पुस्तक वाटतं. भाचीने अर्ध्यावर आणून टेबलावर ठेवलं. "ह्यात काही घडतच नाही, मावशी. ती नुसती भांडी घासते आणि शेळ्या राखते." मी विचारलं, मग सांग, जादू असलेला गेड थोर की नसलेला? ती बराच वेळ गप्प बसली. जाताना पुस्तक परत दप्तरात टाकून घेऊन गेली.